आधी झाड ओळखा, मग अळी

मृग लागून दोन-तीन आठवडे झाले की नागपूरच्या निसर्गप्रेमी व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एकच प्रश्न फिरायला लागतो. कोणी हिंगण्याकडच्या शेतातून फोटो टाकतं, कोणी गोरेवाड्याहून, कोणी घरच्या कुंडीतून. फोटोत बोटाएवढी जाड अळी आणि खाली ओळ: "ही कोणती? विषारी आहे का?" फोटो बहुतेक वेळा वरून आणि अगदी जवळून काढलेला असतो. अळीचा रंग त्यात झकास येतो, पण ती कोणत्या झाडावर होती ते कळत नाही. आणि तेच कळलं नाही तर जाणकार माणूसही अडतो.

कारण अळीचा रंग फसवा असतो. एकाच जातीची अळी एका शेतात हिरवी, दुसऱ्यात पिवळी आणि तिसऱ्यात मातकट सापडते. तीच अळी लहानपणी काळी आणि मोठेपणी हिरवी असू शकते, आणि कोषात जायच्या आदल्या दिवशी पुन्हा तपकिरी होते. खाण्याच्या बाबतीत मात्र ती फार हट्टी असते. बहुतेक जाती ठरावीक कुळातल्या दोन-चार झाडांपलीकडे तोंड लावत नाहीत. प्रत्येक झाडाच्या पानात स्वतःच्या बचावासाठी काही कडू, चिकट किंवा विषारी रसायनं असतात. ती पचवण्याची सोय ज्या अळीच्या पोटात असते, तीच त्या पानावर जगते. म्हणून अंडी घालण्याआधी फुलपाखराची मादी पानावर उतरून पुढच्या पायांनी ते थोपटते. तिच्या पायांना चव कळते. झाड चुकलं तर पिल्लं उपाशी मरणार, हे जणू तिला ठाऊक असतं.

त्यामुळे अळी दिसली की आधी झाड पाहायचं. नंतर शेपटी, मग केस, मग पाय. रंग सगळ्यात शेवटी.

पण त्याच्याही आधी, समोर आहे ती अळीच आहे ना, एवढी खात्री करून घ्या. उकिरडा उपसताना किंवा शेणखताच्या ढिगात अंगठ्याएवढ्या जाड, पांढऱ्या, इंग्रजी 'सी'सारख्या वळलेल्या अळ्या निघतात. त्या फुलपाखराच्याही नव्हेत आणि पतंगाच्याही नव्हेत, त्या भुंग्यांच्या. शेतातली हुमणी याच गोतातली. फुलपाखरं आणि पतंग यांच्या अळीला छातीशी खऱ्या पायांच्या तीन जोड्या असतात, लहान आणि टोकदार. त्यानंतर थोडी मोकळी जागा, आणि मग पोटाखाली मांसल, बुटक्या पायांच्या चार जोड्या व अगदी शेवटी एक जोडी. हे मागचे पाय खोटे. त्यांच्या तळव्याला बारीक आकडे असतात, त्यामुळेच अळी काडीला अशी घट्ट धरते की ओढली तर काडीच सोबत येते. सोयाबीनवरची उंटअळी पाठीची कमान करून चालते, कारण तिला मधल्या खोट्या पायांच्या काही जोड्या नसतात. हुमणीला खोटे पाय अजिबात नसतात. एवढ्यावरून निम्मा गोंधळ मिटतो.

आता झाडांकडे. नागपूर जिल्ह्यात सगळ्यात जास्त घाबरवणारी अळी तिळावर सापडते. पूर्ण वाढली की 9 ते 12 सेंटिमीटर लांब आणि माणसाच्या बोटाएवढी जाड. दोन्ही कुशींवर तिरप्या सात-सात रेघा आणि शेपटीवर एक खरबरीत शिंग. ते आधी खाली वळतं आणि टोकाला पुन्हा वर. वांग्यावर आणि टणटणीवरही ती मिळते. हिरवी असते, पिवळी असते, कधी करडीही. डिवचलं तर डोकं आत ओढते आणि जबडा आपटून 'टक्-टक्' असा आवाज काढते. तेवढ्याने भलेभले मागे सरतात. शेतात हमखास विचारलं जातं, "भाऊ, हे मागचं शिंग लागलं तं माणूस मरते काय?" मरत नाही. त्या शिंगात विष नाही, डंख नाही, ते टोचतसुद्धा नाही.

या अळीचा पतंग अळीहून नामांकित. त्याच्या पाठीवर माणसाच्या कवटीसारखा ठसा असतो. तो रात्री सातेरी मधमाश्यांच्या पोळ्यात शिरून मध पितो, आणि हाताळला तर चक्क चीं-चीं करतो. पतंगाने आवाज काढणं तसं दुर्मीळच. तो सोंडेतून हवा आत-बाहेर करून हा आवाज काढतो. कवटी आणि आवाज या दोन गोष्टींमुळे अनेक ठिकाणी त्याच्या माथी अपशकुन मारला गेला. बिचाऱ्याचा गुन्हा एवढाच की त्याला मध आवडतो.

शेपटीवर शिंग असलेल्या अळ्यांचं कुटुंब मोठं आहे. झाड बदललं की त्यातली जात बदलते. घरासमोर कण्हेर, तगर किंवा सदाफुली असेल आणि एका रात्रीत फांदीचा शेंडा बोडका झाला असेल, तर पानांच्या मागे एक गुळगुळीत पोपटी अळी शोधा. तिच्या पुढच्या भागावर दोन निळे-पांढरे डोळे दिसतील. ते डोळे नव्हेत, नुसते ठिपके. खरे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा आणि इतके बारीक की भिंगाशिवाय दिसत नाहीत. संकट आलं की अळी डोकं आत दुमडते, डोक्यामागचा भाग फुगवते आणि हे खोटे डोळे वटारते. लहान पक्ष्याला समोर सापाचं तोंड दिसतं आणि तो निघून जातो. हिचं शेपटीचं शिंग लहानपणी लांब, काळं आणि दोऱ्यासारखं बारीक असतं. मोठेपणी त्याचं आखूड, नारिंगी बोंडुक होतं. कण्हेरीचं पान गुराने खाल्लं तर गूर दगावू शकतं, आणि ही अळी त्याच पानावर पोसली जाते.

मग एका संध्याकाळी हीच अळी अंगणातल्या फरशीवरून भराभर चालताना दिसते. रंग काळपट-तपकिरी झालेला. लोकांना वाटतं ही वेगळी जात, किंवा आजारी पडली. तसं काही नाही. तिचं खाणं संपलेलं असतं आणि कोष करायला जागा शोधत ती झाडावरून उतरलेली असते. पावसाळ्यात रस्त्यावर दिसणाऱ्या धिप्पाड अळ्यांपैकी बऱ्याचशा याच घाईत असतात. त्या आता पान खाणार नाहीत, त्यामुळे त्यांना मारून झाड वाचत नाही. काडीवर घेऊन कुंपणाच्या कडेला पालापाचोळ्यात सोडलं की झालं.

धोप्याच्या, म्हणजे अळूच्या, वड्यांसाठी पानं काढताना काळी अळी दिसली, तिच्या कुशीवर पिवळ्या-तांबड्या ठिपक्यांची रांग असली आणि चालताना ती शेपटीचं बारीक शिंग पुढे-मागे हलवत असली, तर ती याच कुटुंबातली. तेरड्यावरही ती येते. तीही निरुपद्रवी. पानं मात्र धुऊन घ्या.

रताळ्याच्या वेलावर आणि उडीद-मुगावर यांची आणखी एक बहीण असते, हिरवी किंवा गडद तपकिरी. तिची खूण मला जास्त आवडते, कारण ती अळीत नाही, जमिनीत सापडते. रताळी खणताना किंवा वखरणी करताना मातीतून बोटाएवढा, चकचकीत तांबूस-तपकिरी कोष निघतो. त्याच्या डोक्याकडे सुरईच्या कानासारखी एक वळलेली नळी सुटी दिसते. ती पतंगाच्या सोंडेची खोळ. या पतंगाची सोंड त्याच्या अंगाहून लांब असते, साध्या कोषात ती मावत नाही, म्हणून बाहेर वळवून ठेवलेली. तिळावरच्या कवटीवाल्याची सोंड आखूड आणि जाड, पोळ्याचं झाकण फोडायला सोयीची, त्यामुळे त्याच्या कोषाला असा कान नसतो. दोन्ही कोष हातात आले तर न चुकता वेगळे करता येतात.

काटोल-नरखेडकडे गेलात तर विषय संत्र्याकडे वळतो. संत्रा, लिंबू, बेल, कढीपत्ता ही सगळी एकाच कुळातली झाडं, आणि त्यांच्यावर लिंबाचं फुलपाखरू व त्याचे भाईबंद अंडी घालतात. कोवळ्या पानावर अंडी सुटी सुटी असतात. त्यातून निघणारी अळी पहिले काही दिवस काळपट-पांढरी, ओलसर चकाकणारी. पाखराने शिटलं असावं असं वाटून माणूसही नजर पुढे नेतो आणि पक्षीही. शेवटची कात टाकल्यावर ती एकदम हिरवीगार, गुबगुबीत, चार-पाच सेंटिमीटरची होते. तिला बोटाने हलकेच दाबलं की डोक्यामागून तांबड्या-केशरी रंगाचं, दुफाट्याच्या आकाराचं एक मऊ शिंग बाहेर येतं आणि आंबट-उग्र वास सुटतो. हे शिंग बाहेर आलं म्हणजे ओळख पक्की. मुंग्या आणि छोट्या गांधीलमाश्या त्या वासाने दूर राहतात. माणसाला फार तर बोट धुवावं लागतं. महाराष्ट्राने 2015 साली राज्य फुलपाखरू म्हणून मान दिलेलं मोठं काळं-निळं फुलपाखरू, ब्लू मॉर्मन, हेही याच गोतातलं. त्याची अळीसुद्धा लिंबाच्या कुळातल्या झाडांवरच वाढते.

मोठ्या संत्रा झाडाला या अळ्यांनी विशेष काही होत नाही. रोपवाटिकेतलं कलम मात्र चार-पाच अळ्यांत नागवं होतं. नवती, म्हणजे कोवळी पालवी, फुटली की सकाळी एक फेरी मारून अळ्या हाताने वेचणं हा जुना उपाय अजूनही सगळ्यात स्वस्त.

बांधावरची रुई पाहायला विसरू नका. तिच्यावर काळे, पांढरे, पिवळे आडवे पट्टे असलेली, अंगावर काळ्या मऊ शेंड्यांच्या तीन जोड्या मिरवणारी अळी म्हणजे साध्या वाघ्या फुलपाखराची. असेच मऊ शेंडे पण चार जोड्या, आणि झाड कण्हेर, वड किंवा पिंपळ असेल तर ते दुसरंच तपकिरी फुलपाखरू, कॉमन क्रो. वाघ्याची अळी रुईच्या चिकातलं विष अंगात साठवते. भडक पट्टे हा खाणाऱ्याला दिलेला इशारा, हात लावणाऱ्याला नाही.

जंगलाकडे सरकलं की सगळ्यात मोठी अळी येते. रामटेक, पारशिवनी, उमरेडच्या जंगलात ऐन, म्हणजे इकडचा येन, आणि अर्जुन ही झाडं आहेत. त्यांच्या पानांत दिसते टसर रेशमाची अळी: जाड, रसरशीत हिरवी, अंगावर लहान गाठी आणि तुरळक केस, कुशीला चांदीसारखे चमकणारे ठिपके. पूर्ण वाढीला ती 10 ते 13 सेंटिमीटरपर्यंत जाते. एवढं धूड असूनही शोधायला कठीण, कारण ती फांदीला उलटी लटकून खाते आणि दुमडलेल्या पानासारखी दिसते.

तिला शोधायची युक्ती वेगळीच आहे. वर न पाहता खाली पाहायचं. मोठी अळी मोठी विष्ठा टाकते. मिऱ्याहून मोठ्या, पिंपासारख्या आकाराच्या आणि उभ्या खाचा पडलेल्या गोळ्या झाडाखाली किंवा बाईकच्या सीटवर पडलेल्या दिसल्या, की नेमकं त्यांच्या वर नजर लावायची. गोळ्या हिरवट-ओल्या असतील तर अळी अजून तिथेच आहे. सुकून काळ्या झाल्या असतील तर पुढे सरकली. हीच युक्ती कण्हेरीखाली आणि तगरीखालीही चालते.

टसरचा कोष कोंबडीच्या लहान अंड्यासारखा, टणक. त्याला रेशमाचाच एक कडक देठ असतो आणि देठाच्या टोकाला फांदीभोवती वळलेलं कडं. वाऱ्यात पानं गळतात, पण कोष गळत नाही. उन्हाळा तो कोषातच काढतो. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर या पट्ट्यात ढिवर समाजाने टसरशेती पिढ्यान् पिढ्या सांभाळली आहे. तुतीच्या रेशमाची अळी घरात, ट्रेमध्ये वाढवतात. टसरची उघड्या झाडावर वाढते. अंडीपुंज आणायचे, निघालेल्या अळ्या झाडावर चढवायच्या आणि कोष होईपर्यंत पक्षी, मुंग्या, माकडं यांच्यापासून राखण करायची. दोनशे फांद्यांवर पसरलेल्या अळ्या राखणं म्हणजे काय ते शहरात बसून कळायचं नाही. राज्याच्या रेशीम संचालनालयाचं मुख्यालय नागपुरातच आहे, हे मात्र खुद्द नागपूरकरांपैकी फार थोड्यांना ठाऊक असतं.

आता ज्यांना खरंच हात लावू नये, त्यांच्याकडे. वर सांगितलेल्या सगळ्या अळ्या गुळगुळीत किंवा जवळजवळ गुळगुळीत आहेत. केसाळ अळी, म्हणजे सुरवंट, दिसला की हात मागे. सगळेच सुरवंट खाजरे नसतात. सोयाबीन आणि सूर्यफुलावर झुंडीने येणाऱ्या बिहारी केसाळ अळीने सहसा फार काही होत नाही. पण कोणता सोम्या आणि कोणता गोम्या हे तपासायची ती जागा नव्हे. जांभूळ, डाळिंब, एरंडीवर डोक्यापाशी पुढे झुकलेले दोन झुबके असलेला भरगच्च पिवळसर-करडा सुरवंट असतो, त्याचे केस चांगलेच झोंबतात. शेवग्याच्या खोडावर पावसाळ्यात थव्याने बसलेले सुरवंटही तसेच. यांचे केस आकडेदार असतात, कातडीत शिरून तुटतात, आणि अळी ते केस कोषातही विणते. म्हणून भिंतीवरचा रिकामा जुना कोष पुसताना सुद्धा खाज सुटते.

घोणस अळी वेगळी. ती मोठी नाही, जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर. हिरवीगार, पाठीवर निळसर पट्टा, आणि काट्यांचे गुच्छ. पाय दिसतच नाहीत, गोगलगायीसारखी सरपटते, त्यामुळे पाय मोजण्याची युक्ती इथे चालत नाही. आंबा, एरंडी, गवत अशा कशावरही ती असू शकते. तिचे काटे पोकळ असतात आणि मुळाशी विषाची पिशवी असते. काटा लागला की चटका बसतो, आग होते, गांधी उठतात. 2022 च्या पावसाळ्यात "ही अळी चावली की माणूस पाच मिनिटांत मरतो" असा निरोप कपाशीच्या शेतातल्या मृतदेहांच्या फोटोसकट राज्यभर फिरला आणि कित्येकांनी शेतात जायचं बंद केलं. फोटोतली माणसं वीज पडून गेली होती. अळीचा त्याच्याशी काही संबंध नव्हता.

काटा किंवा केस लागलाच तर चोळू नका. चोळल्याने तुटलेले केस आणखी आत जातात. चिकटपट्टी त्या जागेवर हलकेच लावून ओढा, दोन-तीनदा, दर वेळी नवीन तुकडा. मग साबण-पाण्याने धुवा, बर्फ लावा, अंगातले कपडे वेगळे धुवा. बहुतेकांची आग काही तासांत उतरते. केस डोळ्यात गेला, ओठ-घसा सुजला, श्वास लागला किंवा मूल लहान असेल, तर घरगुती उपाय करत बसू नका, थेट दवाखाना.

जाता जाता शेतकऱ्याच्या हिशेबाची गोष्ट. विदर्भात 2017 साली कपाशीची वाट लावली ती गुलाबी बोंडअळीने. ती सेंटिमीटरभर लांब, बोंडाच्या आत लपलेली, बाहेरून दिसतसुद्धा नाही. हरभऱ्यातली घाटेअळी मोठी झाली तरी चार सेंटिमीटरच्या आत. बांधावर एखाददुसरी दिसणारी बोटभर लांबीची अळी पाहून फवारणीचा पंप काढणाऱ्याने आधी चार बोंडं फोडून पाहावीत.

अळीचा फोटो कोणाला ओळखायला पाठवायचा असेल तर तीन फोटो पुरे. एक बाजूने, म्हणजे कुशीच्या रेघा, पाय आणि शेपटी दिसेल असा. एक डोक्याचा. आणि एक झाडाचा, पान आणि जमलं तर फूल-फळासह. अंदाजासाठी शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवा. गाव आणि तारीख लिहा.

घरी वाढवून पाहायची असेल तर जाळीचं झाकण असलेला डबा घ्या आणि ज्या झाडावर सापडली त्याचीच ताजी पानं रोज द्या. पाण्याची वाटी नको, पानातलं पाणी तिला पुरतं. शिंगवाली असेल तर तळाला चार बोटं भुसभुशीत ओलसर माती हवी, ती मातीत शिरून कोष करते. पावसाळ्यात दोन-तीन आठवड्यांत पतंग निघतो. हिवाळ्याच्या तोंडाशी गेलेला कोष मात्र पुढच्या पावसापर्यंत गप्प राहू शकतो, तेव्हा मेला समजून फेकू नका.

आणि एखाद्या सकाळी अळीच्या अंगावर तांदळाच्या दाण्याएवढे पांढरे कोष चिकटलेले दिसले, तर ती तिची अंडी नव्हेत. अळ्या अंडी घालत नाहीत. बारीक गांधीलमाशीने तिच्या अंगात आधीच अंडी घातलेली असतात. त्यातली पिल्लं आतून पोसून बाहेर आली आणि त्यांनी आपले कोष तिच्याच अंगावर विणले. ती अळी वाचत नाही. पण डबा तसाच ठेवून जाळीवर एक पातळ कापड बांधा, नाहीतर मुंगीएवढ्या माश्या जाळीच्या भोकांतून निघून जातील. त्या दिसल्या की डबा बागेत नेऊन उघडा. वांगी-टोमॅटो लावले असतील तर त्यांच्याच शेजारी.